मतविभागणी

सेंट जॉन्सला धुकं थेट सभागृहाच्या दारापर्यंत येतं,
पायऱ्या चढून, ओळखपत्र न दाखवता.
मी अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसतो
आणि उभ्या राहिलेल्यांची नावं लिहितो.
इथे बटण नाही, हात वर करणं नाही.
बाजूने असाल तर पहिल्या पुकाऱ्याला उभे राहा,
विरुद्ध असाल तर दम धरा, मग उभे राहा.
एकोणीस वर्षं मी एवढंच पाहिलं:
कोण, कधी, उभं राहिलं.

ड्रुसिला कीपिंग. विरोधी बाक, दुसरी ओळ.
म्हणतात, जुन्या सभागृहात शेगडी एकाच बाजूला होती
आणि सरकारने ती बाजू धरली.
शेगडी गेली, बाजू राहिली.
ड्रुसिला स्वेटर घालूनच यायची,
कोपरांवर दोन ठिगळं,
एक निळं, दुसरं निळ्याच्या आसपासचं.

फेरीबोटीची भाडेवाढ: विरुद्ध.
किनाऱ्यावरच्या दवाखान्याची रात्रपाळी बंद: विरुद्ध,
तिन्ही वाचनांना.
शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण: बाजूने.
"चांगल्याला चांगलं म्हणायला भाडं पडत नाही," म्हणाली,
तेव्हा तिच्याच पक्षाचा प्रतोद
छताचं प्लॅस्टर मोजू लागला.
अर्थसंकल्प, अकरा वेळा: विरुद्ध.
बाराव्यांदा गैरहजर.
बोट बर्फात अडकली होती दोन दिवस,
पण आमच्या रकान्यात बोटीला जागा नाही.

मग आली वाड्या उठवायची योजना.
घरटी एवढे डॉलर घ्या, निघा,
मागे वीज तोडू, धक्का मोडू.
ती रेडिओवर बोलली, मासळीच्या कारखान्याबाहेर बोलली,
इथे तर सव्वा तास:
"माणसं म्हणजे घडीच्या खुर्च्या नव्हेत,
कार्यक्रम संपला की भिंतीला टेकवून ठेवायला."
मी लिहिलं: विरुद्ध.
दुसऱ्या दिवशी ते वाक्य कुणीतरी
धक्क्यावरच्या शेडवर रंगाने लिहिलं,
'टेकवून' चुकवून.

तिचं गाव पिंचर्स टिकल. चौतीस घरं.
त्या हिवाळ्यात प्रार्थनाघरात बुटांचं खोकं ठेवून
गावाने आपलं मत दिलं.
एकतीस घरं: जाऊ.
सगळ्यांत आधी तिचा चुलता, हायरम,
ज्याच्या हातचं ते स्वेटरवरचं दुसरं ठिगळ.

मार्चमध्ये पिंचर्स टिकलच्या पैशांचा ठराव आला.
मी वही उघडली, सवयीने तिचं नाव
दुसऱ्या पुकाऱ्यासाठी राखलं,
आणि पहिल्याच पुकाऱ्याला ती उभी.
समोरून बाकं वाजली.
मागून एक शब्द आला, जो मी लिहीत नाही.
मला नाव घ्यावं लागतं, तसा नियम आहे.
"श्रीमती कीपिंग," मी म्हटलं,
आणि पेन कागदावर जरा जास्त टेकलं.

संध्याकाळी ती टेबलाशी आली.
"नीट लिहिलंय ना, ब्लॅगडन?"
"हो."
"कारण लिहायची सोय?"
"नाही."
"मग ठीक," म्हणाली, आणि बोटमोजे शोधू लागली,
जे तिच्या हातातच होते.

त्यांच्या पत्रकात पुढे तिचा पूर्ण तक्ता छापून आला,
माझ्याच नोंदींवरून, एकही चूक नाही,
शेवटच्या ओळीभोवती तांबडं वर्तुळ.
आमच्या वहीत मत उतरतं.
मत उतरत नाही.

ती पुन्हा उभी राहिली, आणि पडली.
चाळीस मतांनी.
एकतीस घरं तोवर गँडरकडे, कॉर्नर ब्रुककडे,
कुणी पार अल्बर्टात मुलाकडे.
हायरमने नव्या मतदारसंघात रांगेत उभं राहून
यादीत तिचं नाव शोधलं म्हणे,
आणि केंद्रावरच्या मुलीला विचारलं,
"आमची ड्रुसी कुठे आहे यात?"

तिच्या जागी आता एक तरतरीत मुलगा बसतो.
पुकारा व्हायच्या आधीच अर्धा उठलेला असतो.
मार्चच्या त्या पानावर शाईचा एक ठिपका आहे.
बांधणीवाल्याने विचारलं, पान नव्याने लिहायचं का.
म्हटलं, राहू दे.